परराज्यातील फांदी

ऑस्ट्रेलियातील मरे नदीच्या दक्षिण काठावरील वॉरिन्डा गावाच्या परिषदेने मार्चमधल्या गावजेवणात केवळ स्थानिक व हंगामी पदार्थ वाढावेत, असा ठराव एकमताने संमत केला. गावात तोवर दुसरे काही वाढलेच जात नव्हते, त्यामुळे विरोधाला जागा नव्हती. ठराव झाल्यावर ‘स्थानिक’ या शब्दाची व्याख्या आवश्यक ठरली आणि व्याख्या झाल्यावर निरीक्षक.

बेरिल हॅस्केट यांचे वय अठ्ठ्याहत्तर. गावजेवणाचा शेवटचा गोड पदार्थ चाळीस वर्षे त्यांचाच असे : काठावरच्या झाडाचे अंजीर, वडिलांच्या पिंपातल्या गोड मस्कॅट वाइनमध्ये मंद शिजवलेले. पिंपातून वर्षाला एक जग काढायचा आणि नव्या वाइनचा एक जग भरायचा, हा नियम. हिवाळ्यात घर विकून मुलीकडे पर्थला जायचे ठरले होते. यंदाचे अंजीर शेवटचे, आणि ते गावानेच खावेत एवढीच बेरिलबाईंची इच्छा होती.

निरीक्षक कीथ ॲब्लेट गावातलाच. तो ओळंबा घेऊन आला आणि प्रत्येक अंजिराखाली दोरी सोडून टोक कोठे येते ते पाहू लागला. एकशे बारा फळांपैकी नऊ जमिनीवर आली. तीही हिरवी.

“बाकीची पाण्यावर येतात, मावशी. नदी शेजारच्या राज्याची आहे, आपल्या काठापर्यंत.”

“अरे, झाड माझ्या अंगणात आहे.”

“खोड तुमचंच. खोडावर आक्षेप नाही.”

शिवाय फळमाशीच्या नियमानुसार परराज्यातले फळ परवान्याशिवाय आणता येत नव्हते. काठावर उभे राहून हात लांबवणे ही आयात होती. बेरिलबाईंनी फांदी दोराने ओढून अंगणात बांधली, तेव्हा कीथने नम्रपणे सांगितले की फळ जिथे वाढले तो पत्ता दोराने बदलत नाही. वाऱ्याने आपोआप काठावर पडलेल्या फळाचे काय, असेही त्यांनी विचारले. तसे झाल्यास आयातदार वारा ठरेल आणि अर्जावर सही त्याची लागेल, असे उत्तर मिळाले.

राहिली वाइन. अर्जात हंगामासाठी एकच चौकट होती.

“कोणत्या वर्षीची?”

“सगळ्या. वडिलांनी पिंप भरलं तेव्हापासूनची.”

कीथने चौकटीत ‘सर्व’ लिहिले. सर्व हंगामांत असणारी वस्तू हंगामी नसते, सबब वाइनही नामंजूर झाली.

गोडाविना जेवण परिषदेला शोभले नसते. म्हणून परदेशातले, गेल्या वर्षीचे गोठवलेले अंजीर मागवून परिषदेच्या गोदामात नव्या खोक्यांत भरण्यात आले. अंतिम प्रक्रिया गावात झाल्याने ते स्थानिक ठरले. खोकी मार्चमध्ये उघडली, म्हणून हंगामीही. वर साखरेचा पाक ओतला आणि प्रत्येक बशीत ‘स्थानिक व हंगामी’ असा परिषदेचा हिरवा शिक्का मारलेली पट्टी खोचली.

बेरिलबाईंनी नियम मोडून अंजीर तोडले, शिजवले आणि सभागृहाबाहेर टेबल मांडले. लोक थांबत, वास घेत. बशीत पट्टी कुठे आहे, असे विचारीत आणि आत जात. आतून ‘ही आपल्या मातीची चव’ असे उद्गार ऐकू येत होते. मेलबर्नहून दोनशेसत्तर किलोमीटर गाडी हाकत आलेल्या एका जोडप्याने पट्टीचे सात फोटो काढले.

कामाची वेळ संपल्यावर कीथ आला. तीन अंजीर खाऊन त्याने बोटे चाटली.

“चव तीच आहे, मावशी. पण हे मी लिहून देऊ शकत नाही.”

“लिहू नकोस. आणखी एक घे.”

त्याने घेतला नाही. तपासणीला नमुने तीनच चालत; चौथा स्वतःच्या जबाबदारीवर झाला असता. बेरिलबाईंनी भरलेले पातेले काठावर नेले आणि नदीत उपडे केले. अंजीर आपल्या राज्यात परत गेले.

वाचकांना हसू आले असेल तर ते योग्यच आहे. हसून झाल्यावर घरच्या टोपलीतले एक सफरचंद उचलावे, त्यावर चिकटवलेला कागद सोलून टाकावा आणि ते गोड आहे की नाही, हे कोणाला न विचारता सांगून पाहावे.