परीक्षक आणि गोळी

पपनसाची नुसती फोड चाखून वान-फू झाडाचं वय सांगतात, अशी माडोउ गावात त्यांची ख्याती होती. सतरा वर्षं तेच पपनस स्पर्धेचे मुख्य परीक्षक. पण यंदा स्पर्धेला महिना उरला असताना डॉक्टरांनी सांगितलं, रक्तवाहिन्या कडक होत चालल्यात, रोज एक गोळी घ्या. औषधाच्या दुकानातल्या मुलीने पाकिटावर लाल अक्षरांत लिहून दिलं: पपनस बंद. पोटात दोन्ही एकत्र आली, की गोळी नको तितकी चढते म्हणे.

वान-फूंनी हे बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नाही. पपनस न खाणाऱ्याला परीक्षक कोण ठेवणार? तिने, युए-च्याओने, तोडगा काढला: चावायचं, चव घ्यायची, तोंड पुसल्यासारखं करून रुमालात टाकायचं.

स्पर्धेच्या मंडपात दोन फळं निभावली. तिसरं शेजारच्या त्साई मिंग-तांगचं. तो नेमका समोरच उभा होता.

"माझं फळ थुंकून टाकलंस?"

युए-च्याओ घाईघाईने म्हणाली, यांची दाढ दुखतेय. हे ऐकताच मिंग-तांगचा जावई पुढे आला. तो दातांचा डॉक्टर. त्याने वान-फूंना मंडपातच तोंड उघडायला लावलं, आत डोकावला आणि दाढा ठणठणीत असल्याचं सगळ्यांना सांगितलं. आता मिंग-तांगचा चेहरा पडला. तो रागावला असता तर परवडलं असतं. त्याचे डोळे भरून आले.

वान-फूंना ते बघवेना. "अरे, फळ चांगलं आहे. मीच गोळीवर आहे. रक्तवाहिन्यांच्या."

मिंग-तांगने खिशातून पाकीट काढलं. तीच गोळी, तीच लाल अक्षरं. दोन वर्षं त्याने स्वतःच्या बागेतलं फळ चाखलं नव्हतं. गिऱ्हाइकाला गोडी सांगायचा ती वासावरून. मग बाकीच्या परीक्षकांनीही खाकरत आपापले रुमाल उलगडले.

शेवटी मंडपात पपनस खायला मोकळं असं एकच जाणतं माणूस उरलं. युए-च्याओला खुर्चीत बसवलं. तिने सगळी फळं चवीने, पोटभर खाल्ली आणि पहिला नंबर मिंग-तांगला दिला.

घरी परतताना वान-फू हळूच म्हणाले, "आपलं फळ स्पर्धेत असतं, तर?"

"तरी त्यालाच दिला असता."

"आपलं गोड नाही?"

"जरा आंबटच आहे."

"चाळीस वर्षांत बोलली नाहीस कधी."

"तुम्ही इतक्या प्रेमाने सोलून द्यायचात," ती म्हणाली, "मग खायचे मी."