वसुधाबाईंचा खड्डा

सकाळी साडेनऊला वसुधाबाई सबनीस झाडू घेऊन घराबाहेर आल्या, रस्त्याच्या मध्यापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांचा खड्डा जागेवर नव्हता.

खड्डा चोरीला जात नाही, एवढं चौतीस वर्षं पुलांची तपासणी केलेल्या इंजिनियर बाईला कळत होतं. तरी त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मेपलची झाडं होती, पत्रपेट्या होत्या, समोरच्या फ्रँक कोवाल्स्कीचा निळा पिकअप ट्रक होता. फक्त अकरा वर्षं दारासमोर नांदलेला, साडेतीन फूट लांब आणि साडेसहा इंच खोल खड्डा तेवढा नव्हता. त्याच्या जागी काळाकुळकुळीत, चौकोनी, सपाट तुकडा चमकत होता.

आणि तो काही साधासुधा खड्डा नव्हता. शिकागोजवळच्या शॉमबर्गपासून वीस मिनिटांवरच्या लिंडेन फॉल्स गावात पुढच्या मंगळवारी मतदान होतं. रस्ते आणि गटारं दुरुस्त करायला नगरपालिकेला रोखे विकून पैसा उभारायचा होता. ते रोखे पुढे लोकांच्या घरपट्टीतून फेडायचे, म्हणून आधी लोकांची मंजुरी हवी होती. 'हो म्हणा' समितीच्या अध्यक्ष होत्या वसुधाबाई, आणि समितीच्या प्रत्येक पत्रकावर होता हा खड्डा. त्याच्या काठाशी स्टीलची पट्टी धरून उकिडव्या बसलेल्या वसुधाबाई गावभर इतक्या पोचल्या होत्या, की भाजीच्या दुकानात अनोळखी माणसं त्यांना 'पॉटहोल लेडी' म्हणून हात करत. आज साडेदहाला मेयरबाई, टीव्हीची एक वार्ताहर आणि सीनियर सेंटरचे तीस मतदार बसमध्ये बसून खास तो खड्डा बघायला येणार होते. त्याआधी त्यातला पालापाचोळा काढावा, म्हणून तर झाडू.

"बाळ!" वसुधाबाईंनी हाक मारली. "बाळ, बाहेर ये आधी!"

डॉक्टर बाळ सबनीस चहाचा कप घेऊन बाहेर आले. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर लोकांना भूल दिली, आता निवृत्त. आईवडिलांनी लाडाने ठेवलेलं नाव अमेरिकेत 'डॉक्टर बॉल' झालं, त्यालाही आता पंचेचाळीस वर्षं झाली होती. आज त्यांचा चेहरा फुलला होता. चालताना मात्र ते कमरेतून जरा वाकडे होते.

"हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी!" बाळ म्हणाले.

"काय?"

"उद्या आहे, माहितेय. पण तू आजच बघणार म्हटल्यावर सरप्राइज कसलं राहणार! कसा झालाय?"

"तू बुजवलास?"

"दोन दिवस खपत होतो. तू स्प्रिंगफील्डला प्रचाराच्या ट्रेनिंगला गेलीस ना, तेवढ्यात उरकलं. काल तू अंधारात आलीस, तुला दिसलंच नाही. अगं, गेल्या वर्षी एअर फ्रायर आणला तर तू आठवडाभर बोलली नाहीस. म्हटलं, या वर्षी तिच्या मनातलं काहीतरी द्यावं. अकरा वर्षं तू या खड्ड्याबद्दल बोलतेयस!"

"अरे, पण मला तो हवा होता!"

"खड्डा?"

"पुढच्या मंगळवारपर्यंत!"

"मग तसं सांगायचंस ना," बाळ दुखावून म्हणाले. "मला वाटलं, तुला तो आवडत नाही."

वसुधाबाई गुडघे टेकून खाली बसल्या. रागात असल्या तरी सवय जात नव्हती. त्यांनी तुकड्यावर हात फिरवला, कडेवर नख ओढलं, डोळा जमिनीला लावून उतार पाहिला.

"कडा उभ्या कापल्यास?" त्यांचा आवाज बदलला होता.

"करवत भाड्याने आणली."

"आणि खाली? चिकट थर दिलास?"

"दिला. तू एकदा फोनवर कोणावर तरी ओरडत होतीस, की तो दिल्याशिवाय डांबर धरत नाही. ते लक्षात होतं."

"दाबलंस कशाने?"

"गाडी पुढेमागे केली. दोनशे वेळा. मोजल्या."

चौतीस वर्षं वसुधाबाईंनी कॉन्ट्रॅक्टरांना कडा उभ्या कापा म्हणून सांगितलं होतं आणि एकाही बाबाने ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते घरातल्या माणसाने, तेसुद्धा नको त्या आठवड्यात.

पण घड्याळ पुढे सरकत होतं. वसुधाबाईंनी फोनमध्ये खड्ड्यांची यादी उघडली. जवळचा मोठा खड्डा कोपऱ्यावर होता, पण तो रस्ता काउंटीचा, त्याला या रोख्यांतला डॉलर मिळणार नव्हता. दुसरा, नंबर चारशे बारा, समोरच होता, फ्रँकच्या ट्रकखाली. फ्रँक 'नाही म्हणा' समितीचा अध्यक्ष. वसुधाबाईंना फोटो काढता येऊ नये, म्हणून ऑगस्टपासून तो ट्रक बरोब्बर त्या खड्ड्यावर लावत असे.

फ्रँक कॉफी घेऊन आलाच. नव्या तुकड्याभोवती त्याने एक फेरी मारली.

"डॉक्टर बॉल, एकट्याने केलंत?" त्याने विचारलं. "वा! रोखे नकोत, घरपट्टीत वाढ नको. एक माणूस, दोन दिवस, खड्डा साफ! येऊ द्या टीव्हीवाल्यांना. मीच दाखवतो."

"फ्रँक, तुझा ट्रक जरा बाजूला घेतोस?" वसुधाबाईंनी विचारलं.

"बॅटरी उतरलीय."

"काल तर यात बसून चर्चला गेलास," बाळ म्हणाले.

"तिथेच उतरली," फ्रँक म्हणाला आणि शर्ट बदलायला घरात गेला.

वसुधाबाई गॅरेजमध्ये गेल्या आणि बागेतली कुदळ घेऊन आल्या. ते पाहून बाळही गॅरेजमध्ये गेले, आणि घडीची खुर्ची घेऊन आले. ती त्यांनी काळ्या तुकड्याच्या बरोब्बर मध्ये मांडली आणि कमरेला हात लावत हळूच तीत बसले.

"ऊठ, बाळ."

"नाही उठणार. गिफ्ट आहे ते."

"अरे, गावाचा प्रश्न आहे!"

"माझ्या कमरेचा पण आहे."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. आश्लेषा शिकागोत वकील होती.

"आई, ऑल सेट फॉर द टूर?"

"बाबांनी खड्डा बुजवलाय. मी परत खणतेय."

"व्हॉट? आई, डोन्ट! पब्लिक रोड खणणं क्राइम आहे!"

"आणि बुजवणं?"

"दॅट टू, प्रॉबब्ली. बाबा कुठेयत?"

"खुर्ची टाकून बसलाय."

"पोर्चवर?"

"रस्त्यात. मधोमध."

"ओके. आय ॲम हँगिंग अप. तू मला फोन केला नाहीस, मी काही ऐकलं नाही."

"फोन तूच केलायस," वसुधाबाई म्हणाल्या, पण तोवर फोन बंद झाला होता.

आणि बस आली. वीस मिनिटं लवकर. वळणावरून ती रस्त्यात शिरली आणि ड्रायव्हरला दिसलं ते असं: डाव्या अंगाला निळा ट्रक, मधोमध खुर्चीत हातात चहाचा कप धरलेले एक वयस्क गृहस्थ, आणि त्यांच्यासमोर कुदळ उगारून उभ्या असलेल्या पत्रकावरच्या बाई. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाळांनी हात हलवला, पण खुर्ची हलवली नाही. ड्रायव्हरने मग फ्रँकला खूण केली, ट्रक काढा, मी बाजूने घेतो.

फ्रँक नुकताच इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. टीव्ही आली या आनंदात तो सगळं विसरला. धावत ट्रकमध्ये चढला, बॅटरी पहिल्या झटक्यात चालू झाली, ट्रक बाजूला गेला. बस मोकळ्या झालेल्या जागेत शिरली आणि तिचं पुढचं चाक धाडकन नंबर चारशे बारामध्ये गेलं.

बस एका अंगाला कलली. मेयरबाईंची कॉफी मेयरबाईंच्याच अंगावर गेली. सुदैवाने कुणाला काही लागलं नाही. बाळांनी खुर्ची सोडून सगळ्यांच्या नाड्या पाहिल्या. तीस म्हातारे आणि म्हाताऱ्या एकमेकांचा हात धरून खाली उतरल्या आणि खड्ड्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या.

"हाच का तो प्रसिद्ध खड्डा?" एका आजींनी विचारलं.

कॅमेरा वसुधाबाईंकडे वळला. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण त्यांनी उभ्या जन्मात खोटी मोजमापं दिली नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो माझ्या नवऱ्याने बुजवला. तो बघा."

"ऐका!" फ्रँक पुढे झाला. "एका माणसाने बुजवला! एक डॉलरही कर न लावता!"

वार्ताहर मुलगी बाळांकडे वळली. "डॉक्टर, मग हा दुसराही तुम्हीच बुजवणार का?"

"छे! माझी कंबर गेली," बाळ म्हणाले. "आणि वसुधाच्या यादीत असे किती आहेत? दोन हजार तीनशे अठरा. एकाला दोन दिवस धरा, म्हणजे बारा वर्षं आठ महिने. संपतील तेव्हा मी सत्त्याऐंशीचा असेन. फ्रँक हाताशी आला तर लवकर होईल. येशील का रे, फ्रँक?"

बस ओढायला आलेल्या क्रेनला जागा करून देण्यात फ्रँक गुंतला होता.

संध्याकाळच्या बातम्यांत हे सगळं जसंच्या तसं आलं. मंगळवारी लिंडेन फॉल्सने शंभरात एकाहत्तर मतांनी 'हो' म्हटलं.

जानेवारीत कामांचा क्रम ठरवायची बैठक झाली. देखरेख समितीत वसुधाबाई होत्याच. कोणता रस्ता आधी, कोणता नंतर, हे ठरवण्याचं सूत्रही त्यांनीच आखून दिलं होतं: रस्त्याची अवस्था वाईट तर नंबर वरचा, बरी तर खालचा, वशिला चालणार नाही. बाळ बाहेर कॉरिडॉरमध्ये बसले होते. दोन तासांनी वसुधाबाई बाहेर आल्या.

"आपला रस्ता कितवा?"

"सातव्या वर्षी."

"सातव्या? का?"

"शेऱ्यात लिहिलंय. 'चारशे बारा तातडीने बुजवावा. बाकी रस्त्याला घाई नाही, मुख्य खड्ड्याची दुरुस्ती अलीकडेच झाली आहे. दर्जा उत्कृष्ट.'"

बाळ उठून उभे राहिले. "कुणी लिहिलंय?"

"नगरपालिकेच्या चीफ इंजिनियरने. स्वतः येऊन तपासून गेला म्हणे."

"उत्कृष्ट?"

"बाळ, सात वर्षं थांबायचंय! त्या तुंबलेल्या गटारासकट!"

"हो गं, ते कळलं," बाळ म्हणाले. थोडं घुटमळून त्यांनी विचारलं, "त्या कागदाची एक कॉपी मिळेल का? मागून बघ ना."

वसुधाबाईंनी पर्स उघडली आणि नीट घडी घातलेली कॉपी त्यांच्या हातात ठेवली. ती त्यांनी बैठक सुरू व्हायच्या आधीच मागून घेतली होती.