सोनपाठ्या, कागदखाऊ आणि एक बदली

दुर्मीळ असून भागत नाही. ते कागदोपत्री सिद्ध व्हावे लागते. भुंगेरा संवर्धन कार्यालय या तत्त्वावर उभे होते, आणि तिथल्या वरिष्ठ लेखनिकाची त्यावर देवापेक्षा काकणभर जास्तच श्रद्धा होती.

त्याने केलेली तुलना :

भुंगेरा पहिला : सोनपाठ्या. पाठ सोन्याची, स्वभाव गरीब. दुर्मीळ ठरण्यासाठी नियमाने टाचणी मारलेले दहा नमुने हवेत. नऊ मिळाले. दहाव्यासाठी अख्खे जंगल पालथे घातले, मिळाला नाही. निष्कर्ष : पुरावा अपुरा. दर्जा : सर्वसामान्य.

भुंगेरा दुसरा : कागदखाऊ. रंग मळका, भूक सरकारी. दप्तराच्या कपाटात हात घालताच दहा नमुने मिळाले. (अकरावा बाहीतून खोलीवर आला.) निष्कर्ष : पुरावा भक्कम. दर्जा : अतिदुर्मीळ, संरक्षित.

कपाट त्याच दिवशी अधिवास म्हणून बंद झाले. लेखनिकाने स्वहस्ते लाखेची मोहोर लावली. लाख वाळल्यावर त्याला आठवले : बायकोच्या गावी बदली मिळावी म्हणून सहा वर्षांपूर्वी केलेला आपला अर्ज आत, तिसऱ्या खणात आहे.

बायकोचा फोन आला.

"अहो, अर्जाचं काय झालं?"

"खातायत."

"कोण, साहेब?"

"भुंगेरे. पण संरक्षित आहेत गं."

"आणि तुम्ही वर्षातून दोनदा दिसता, तुमचा दर्जा काय?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "माझे दहा नमुने लागतील."

"एकच पाठवा. टाचणी मी मारते."

त्या दुपारी त्याने नियमावली प्रथमच शेवटपर्यंत वाचली. कलम चाळीस : अधिवासात ढवळाढवळ करणाऱ्या कर्मचाऱ्याची, प्रजातीच्या सुरक्षेसाठी, कपाट नसलेल्या कार्यालयात तत्काळ बदली करावी.

अशी कार्यालये : एक. बायकोच्या गावी. (त्यांचा कपाटासाठीचा अर्ज इथल्याच कपाटात होता.)

लेखनिकाने मोहोर फोडली. गुन्हा स्वतः नोंदवला, स्वतःला कडक ताकीद दिली, बदलीचा हुकूम साहेबांपुढे सहीला ठेवला आणि संध्याकाळची गाडी पकडली. खिडकीच्या गजावर एक सोनपाठ्या बसला होता. दहावा. लेखनिकाने खिशातली टाचणी चाचपली. मग, आयुष्यात प्रथमच कुठेही नोंद न करता नियम मोडून, फुंकर मारून त्याला उडवून दिले.

त्याच्या जागी आलेला लेखनिक मात्र फार नियमाचा आहे. शेवटपर्यंत वाचणारा वाचक दुर्मीळ झाल्याची एक तक्रार सध्या त्याच्या टेबलावर आहे. नऊ नमुने मिळाले आहेत.

आपण इथवर आलात. जरा हलू नका.