थोरलीची साईट, धाकटीची साईट

"एकच साईट करायची, की मोबाईलची वेगळी?" असं प्रियदर्शनीनं विचारलं, आणि मी म्हणाले, "घरी विचारून सांगते." तिथंच चुकलं.

धंदा आमचा घोंगड्यांचा. आटपाडीला धाकटे दीर भाऊसो मागावर विणतात, आणि आम्ही साताऱ्यात बसून विकतो (म्हणजे विकायचा विचार करतो). प्रियदर्शनी साईट बनवणारी पोरगी. तिनं मला अगदी पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं होतं, "काकू, एकच केली तर तीच फोनवर आटोपशीर होऊन बसते आणि कम्प्युटरवर पसरते. एक बदल केला की दोन्हीकडं दिसतो. दोन केल्या तर फोनवाल्यांना एक दिसणार, कम्प्युटरवाल्यांना दुसरी. सगळं दोनदा करत बसायचं. माझं ऐका, एकच करा."

मला पटलं होतं. घरी येऊन मी तसंच सांगितलं. पण आमचे हे, सुभेदार लालासाहेब, फौजेतून रिटायर झालेत, हुकूम सोडण्यातून नाही.

"दोन भाऊ हाय आमी. दोन साईटी करा. उद्या वाद नको."

"अहो, साईट आहे ती. शेत नव्हे."

"मग तर लयच सोपं. मोजणीवाला बोलवायला नको."

झालं. रविवारी आटपाडीला रीतसर वाटणी. आमच्यात पद्धत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. ह्यांनी सतरंजीवर एका बाजूला माझा लॅपटॉप ठेवला, दुसऱ्या बाजूला फोन. वर दोन्हींवर हळदकुंकू. (लॅपटॉपच्या एंटरच्या बटणात अजून थोडं कुंकू आहे.)

"बोल भाऊसो, कंचा वाटा?"

भाऊजींनी बायकोकडं बघितलं. आमची जाऊ पल्लवी पदर सावरत म्हणाली, "आमाला आपली बारकीच द्या, आक्का. आमच्याकडं कुठं हाय कम्प्युटर?"

किती भोळी बाई, असं मला वाटलं. परत येताना म्हसवडला उतरलो, तेव्हा सिद्धनाथापुढं मी तिच्यासाठीही हात जोडले, 'धाकटीचंही बरं कर रे देवा.' देवानं ते नको इतकं मनावर घेतलं.

मी माझी मोठी साईट सजवायला घेतली. वर ह्यांचा युनिफॉर्ममधला फोटो, मिशांसकट. खाली घराण्याची माहिती, मेंढरांची माहिती, माझं मनोगत. मग घोंगडी, आणि खाली माझा नंबर. पल्लवीनं काय केलं, तर एका घोंगडीचा फोटो टाकला आणि खाली स्वतःचा नंबर. बास.

महिना झाला. माझ्या फोनवर एक फोन आला, तो गॅसवाल्याचा. पल्लवीला फोन करावा तर सतत बिझी. लागलाच तर, "आक्का, मागनं करू का? गिऱ्हाईक हाय लायनीवर."

मग एका गुरुवारी दुपारी माझा फोन वाजला. महाबळेश्वरकडच्या एका रिसॉर्टच्या मालकीणबाई, संयोगिता मॅडम. प्रत्येक खोलीत एक, अशा साठ घोंगड्या त्यांना पाहिजे होत्या. साठ! भाऊजींचा माग वर्षभर चालला असता. मी "हो मॅडम, हो मॅडम" करत उभीच राहिले.

"पण मला एक सांगा," मॅडम म्हणाल्या. "फोनवर बघितलं तर घोंगडी सात हात. ऑफिसात कम्प्युटरवर बघितलं तर तीच घोंगडी सहा हात. फोटो तोच. तुम्ही खरी कंपनी आहात की फसवाफसवी चाललीय?"

"विचारून सांगते," म्हटलं (हे माझं आवडतं वाक्य) आणि आटपाडीला फोन लावला. स्पीकरवर. तीच चूक दुसऱ्यांदा.

"ए भाऊसो," हे गरजले, "सात हात कुणी लिवलं रं?"

"मी सोता मोजलंय, दादा."

"मी बी सोता मोजलंय! सहा हाय!"

"आवं दादा, तुमचा हात केवढा, माझा केवढा! फौजेनं तुमाला उंची बघून घेतलं, मला घेतलं का?"

पलीकडून पल्लवी म्हणाली, "आक्का, टेप घ्या की. नऊ फूट भरतीय."

दोन भावांच्या दोन हातांनी एक घोंगडी मोजली आणि दोन साईटींवर टाकली. मॅडमना परत फोन लावून हे समजावता समजावता मला घाम फुटला. त्या शांतपणे म्हणाल्या, "संध्याकाळी पाचला मी परत बघते. एक साईट, एक माप. नाहीतर मी दुसरीकडं ऑर्डर देते."

रिक्षा करून प्रियदर्शनीच्या ऑफिसात धावलो. तिनं दोन्ही साईटी शेजारी शेजारी उघडल्या.

"आता एकच करते, सगळ्या स्क्रीनवर बसणारी. पण मजकूर कुठला ठेवू? कुठं जास्त लोक येतात बघू." तिनं आकडे काढले. "मोबाईलवर तीन हजार. मोठ्या साईटवर त्रेचाळीस."

"त्रेचाळीस!" मला एकदम उभारी आली. "म्हणजे येतात की लोक!"

"लोक नाही, काकू. एकदा त्या तुमच्या रिसॉर्टच्या मॅडम. बाकी बेचाळीस वेळा एकच जण. साताऱ्यातनं. रोज सकाळी सातला येतो, बघतो आणि जातो."

मी ह्यांच्याकडं वळले. "स्वतःचा फोटो बघायला जाता होय रोज?"

"मी?" हे भडकले. "मला तुझ्या त्या डब्याचं बटन कुठं हाय, ते बी ठावं न्हाई!"

प्रियदर्शनी की-बोर्डकडं बघायला लागली. रोज सकाळी सातला, चहाचा कप घेऊन, आज तरी कुणी आलंय का ते बघायला मीच जात होते.

पाचला पाच कमी असताना नवी साईट चालू झाली. नऊ फूट, एक फोटो, पल्लवीचा नंबर. सव्वापाचला साठ घोंगड्यांची ऑर्डर आली. पल्लवीच्या फोनवर.

माझं मनोगत आहे अजून, अगदी तळाला. फोनवर बोटानं आठ वेळा वर ढकललं की दिसतं. प्रियदर्शनी परवा सांगत होती, "काकू, तळापर्यंत जाणारं सुद्धा आहे हं कुणीतरी. रोज, सकाळी सातला."

मी कुठून ते विचारलं नाही.