राणेकाकांच्या अवयवांची वयं

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी राणेकाकांना वय विचारलं, की ते उलट विचारतात, "कशाचं?" समोरचा गोंधळतो. मग काका बोटांवर मोजून दाखवतात. गुडघे नव्वदचे, हृदय साठीचं, यकृताचं काही खरं नाही, आणि किडन्या मात्र चाळिशीच्या, एकदम झकास. काका स्वतः अडुसष्टचे.

काका विक्रोळीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर हाताशी मशीन उरलं एकच, स्वतःचं. त्यात कुठल्याशा व्याख्यानात त्यांना कळलं, की पेशीपेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचं इवलंसं पॉवरहाउस असतं, वय वाढलं की त्याला ताण सोसेनासा होतो, आणि तेही प्रत्येक अवयवात वेगळ्या वेगानं. झालं, तेव्हापासून माझं डोकं खाणं सुरू. "नुसतं चालतंय म्हणून खूश होऊ नको रे. लोड टाक, मग कळेल," म्हणत ते लिफ्ट सोडून चार मजले चढायचे आणि माझ्या दाराशी नाडी मोजत उभे राहायचे. मला ऑफिसला उशीर, आणि यांचं आपलं, थांब, अजून नॉर्मलला नाही आली. सगळं एका लॉगबुकात लिहायचे. वर मीठ नको म्हणून सुका बांगडा सोडला, लोणचं सोडलं. मालवणी माणसानं बांगडा सोडला म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मी आपला हसत होतो.

गेल्या महिन्यात सुमनकाकूंना हॉस्पिटलात न्यायचं होतं, म्हणून काकांनी माझी गाडी मागितली. काकूंच्या किडन्या वर्षभर त्रास देतायत, हे मला त्या गाडीत बसल्यावर कळलं. मीठ बंद होतं ते मुळात त्यांचं.

दोघं डॉक्टरांकडे आत गेले. लॉगबुक माझ्या हातात राहिलं होतं, ते मी चाळलं. हृदय, चालू. गुडघे, दुरुस्तीपलीकडे. उजवी किडनी, चालू. डावी किडनी, स्टँडबाय, सुमनसाठी, रक्तगट जुळतो. आणि खाली बारीक अक्षरात, तिला सांगू नये, ओरडेल.

मला भरूनच आलं. हा माणूस वर्षभर जिने चढत होता, तो ऑपरेशनचा लोड आपल्याला झेपेल का, हे बघायला. आणि मी त्याला खुळा समजत होतो.

काका बाहेर आले ते बाकावर मटकन बसलेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घसरण थांबलीय, गोळ्या आणि पथ्यावर भागेल. दुसऱ्या कुणाची किडनी लागायची नाही.

"सुटलो रे," काका म्हणाले आणि रुमालानं चष्मा पुसत बसले. चष्मा चांगला स्वच्छ होता.

मी लॉगबुक उघडून पेन पुढे केलं. म्हटलं, ही ओळ खोडून टाका आता.

"गप रे," त्यांनी लॉगबुक ओढून घेतलं. "मशीन चाललंय म्हणून कुणी स्टँडबाय मोडीत काढतं काय?" तेवढ्यात काकू गोळ्यांची पिशवी घेऊन आल्या, तसं त्यांनी ते शर्टाखाली लपवलं.

संध्याकाळी बेल वाजली. काका चार मजले चढून दारात धापा टाकत उभे होते. या वेळी नाडी मी मोजली, अगदी नॉर्मलला येईपर्यंत.