कडुनिंबाच्या सावलीवरील स्वारी

सावली चार अंगुळे रुंद होती. कडुनिंबाची एक डहाळी, वारा नसल्याने निश्चल, आणि तिची छाया जीपच्या टपावरील सोलर प्लेटीच्या एका कोपऱ्यात पडलेली. बाकीची प्लेट लखलखीत उन्हात. पाहणारा म्हणेल, एवढ्याशा छायेने काय होते? ऐसेच म्हणोन थोर थोर राज्ये बुडाली, आणि ऐसेच म्हणोन चैत्रमासी, जेऊरच्या पलीकडे भीमेच्या अडलेल्या पाण्याकाठी, गुलबानो बेगमसाहेबांची मोहीम बुडता बुडता राहिली. ती कैसी राहिली, कोणी शर्थ केली, कोणी प्रेमाने घात केला, हे जैसे घडले तैसे येथे मांडिले आहे. पदरचे घातले नाही, घडले ते गाळिले नाही.

तरी प्रथम कारण. गुलबानो बेगमसाहेब सोलापूर शहरी नांदत होत्या. जवानीत त्यांनी खाविंद बडेसाब, सोळा चाकांचे मनसबदार, यांचे ट्रकात बसोन इंदुरापासोन बेळगावापर्यंत मुलूख पाहिला, रस्त्याकडेला तीन दगड मांडोन भाकऱ्या थापिल्या आणि ताडपत्री अंथरोन चांदण्यांखाली निजल्या. मग साखरेचे दुखणे जडले, इन्सुलिनच्या बाटल्या घरच्या फ्रिजात दाखल जाहल्या, आणि तेव्हापासोन नऊ वर्षे बेगमसाहेबांनी घराबाहेर रात्र काढिली नाही. नात्यातली लग्ने आली, लेकरांच्या नामकरणाचे अकिके आले, त्या जेवोन दिवेलागणीस परत. कोणी राहण्याचा आग्रह केला की एकच जबाब, "माझ्या बाटल्यांचं सासर सोडून मला कुटं राहता येतंय गे?" सगळे हसत, त्याही हसत. परंतु सूनबाई मेहनाज यांनी एकदा पाहिले, की हसणे सरल्यावर सासूबाई खिडकीशी जातात आणि रस्त्याने ट्रक गेला की तो दिसेनासा होईतो उभ्या राहतात.

मेहनाज या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. बोलणे थोडके, मोजणे पुष्कळ. त्यांनी कोणास काही न सांगता मसलत केली, आणि गाडीत मावेल ऐसा लहान फ्रिज आणविला, त्यास खुराक म्हणोन बॅटरी आणिली, आणि बॅटरीस खुराक म्हणोन सोलर प्लेट आणिली. घरच्या गच्चीवर परीक्षा जाहली, तीत फ्रिज फत्ते पावला. मग खाविंद मुबीन यांनी आपल्या जुन्या जीपच्या टपावर ती प्लेट नटबोल्टांनी ऐसी आवळिली, की भूकंपात जीप उलटेल परंतु प्लेट सुटणार नाही. या मजबुतीची शहरभर वाखाणणी जाहली आणि हीच पुढे गळ्याशी आली.

मोहिमेचा हेतू ऐसा की पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, ते पहाटेस पाहावे, आणि त्यासाठी बेगमसाहेबांनी एक रात्र उघड्यावर काढावी. मेहनाज यांनी आपणावरच एक हुकूम बजाविला: फ्रिजातील उष्णतेचा आकडा आठ अंशांवर गेला तर तळ मोडोन माघारी, औषधाशी सौदा नाही. आणि बेगमसाहेबांस पुशिले, तर त्या म्हणाल्या, "येते की. रातीचं काय ते बघू."

मग कूच जाहले. जीपचे सुकाणू मुबीनकडे, शेजारी बडेसाब, मागे सासू-सून आणि दोघींमध्ये फ्रिज, ऐसे दौडत मंडळी मुबीनचे दोस्त जोतिराम यांचे रानात पोहोचली. जोतिराम केळी पिकवीत आणि मुबीन ती बाजारी नेत, ऐसा जुना घरोबा. त्यांनी पावण्यांसाठी बांधावरच्या कडुनिंबाखाली झाडलोट करोन, पाणी शिंपडोन, बाजले टाकोन ठेविले होते. बडेसाबांनी तो निंब पाहिला, डोळे भरोन पाहिला, आणि फर्माविले, "मुबीन, मागं घे. अजून मागं. बुंध्याला टेकव." जीप निंबात शिरली ती दिसेनाशी जाहली.

येथे सोलापूर प्रांताचा दस्तूर सांगणे जरूर. या मुलुखी देव पुष्कळ आणि पंथ पुष्कळ, परंतु गाडी सावलीत लावणे हा सर्वांचा एकच धर्म. मनुष्य भर उन्हात अर्धा कोस चालेल, घामाने निथळेल, उशिरा पोहोचोन वरिष्ठांची बोलणी खाईल, परंतु गाडी उन्हात ठेवणार नाही. त्यात बडेसाब या धर्माचे जुने पीर. कोणत्या नाक्यावर दुपारी सावली कोणीकडे फिरते, हे त्यांस तोंडपाठ.

फ्रिजातील आकडा निघताना चार होता. उन्हे चढली, पाच जाहला. बॅटरी खालावली आणि प्लेटीकडोन कुमक येईना. मेहनाज यांनी सर्व तारा तपाशिल्या, मग मान वर करोन निंबाकडे पाहिले, आणि आवळलेली प्लेट टपावरोन सुटणारी नव्हती म्हणोन अर्ज गुदरला, "अब्बा, गाडी उन्हात घ्यावी लागेल."

बडेसाबांनी हातातील पानाचा डबा खाली ठेविला. "उन्हात? बेटी, सारी उमर स्टिअरिंगवर गेली. माझी गाडी उन्हात हुबी बघितली असं म्हननारा एक माणूस आण."

"आन् आमी काय तोंड दाखवायचं?" जोतिराम मध्ये पडले. "पावण्याची गाडी उन्हात आन् आमचा निंब मोकळा? गाव म्हनंल, जोतिराम सावलीला बी महाग झाला."

"प्लेट उन्हावर चालते, दादा."

"मग बाटल्या माठात ठिवा की. आमच्या माठाचं पानी लई गार."

"माठ पंचविसाच्या खाली येत नाही. मला आठाच्या आत हवं."

"आठ?" जोतिराम चकित जाहले. "एवढं गार पिलं तर घसा न्हाय का बसायचा?"

मुबीन यांनी जरा वेळ इंजिन चालू ठेवावे ऐसे सुचविले. त्यावर बडेसाबांचा हुकूम जाहला की हुब्या गाडीत डिझेल जाळायचे ते आपण मेल्यावर, चाळिसाव्या दिवसाची फातिहा उरकोन मग जाळावे. आणि बाजल्यावरोन बेगमसाहेब म्हणाल्या, "अगे, भांडू नका. संध्याकाळी घरी जाऊ की. मी पानी बघितलं, बास झालं." हे त्या अगदी सहज बोलल्या. कारण हा नऊ वर्षांचा सराव होता.

मग तहाची बोलणी लागली आणि निम्मा मुलूख उन्हास देणे ठरले. जीपचे तोंड सावलीत आणि पाठ उन्हात, ऐसी गाडी उभी राहिली. बडेसाब म्हणाले, "झालं समाधान?" आणि येथेच ती चार अंगुळे सावली प्लेटीच्या कोपऱ्यात पडली होती.

बडेसाबांचे मते कोपरा म्हणजे काहीच नव्हे. परंतु प्लेटीतील घरे एकामागे एक ओळीने जोडिलेली असतात. घमेली पुढे सरकविणाऱ्या गड्यांच्या रांगेत एक जण मध्येच खाली बसला, तर बाकीचे कितीही तगडे असोत, घमेली तेथेच साचतात; तैसे जाहले. आकडा सहा. मेहनाज यांनी हे घमेल्यांचे दृष्टांताने समजाविले, तेव्हा जोतिरामांस प्रथम पटले, कारण त्यांनी विहिरीचे काम केले होते. ते डहाळी तोडावयास कोयता घेऊन उठले. बेगमसाहेब ओरडल्या, "झाडाला हात लावशील तर बघ! गाडी सरकवा म्हनते ना पोरगी!" हा हुकूम मोडण्याची कोणाची छाती नव्हती. जीप सावलीबाहेर पूर्ण निघाली, आणि बडेसाब तिकडे पाठ करोन बसले, जैसा कोणी आपला घोडा विकतेवेळी बसावा.

मग जेवणे जाहली. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी, वांगे. मंडळी निंबाखाली लवंडली. मेहनाज यांस जरा डोळा लागला, आणि जाग आली ती फ्रिजाच्या रडण्याने. बॅटरी संपत आली म्हणजे तो टूं टूं करी. आकडा सात. प्लेटीची कमाई पाहिली तर भर दुपारी शून्य. बाईंनी तारा पाहिल्या, फ्यूज पाहिला, सर्व दुरुस्त. तेव्हा त्या चाकावर पाय देऊन टपावर डोकावल्या.

प्लेटीवर सोलापुरी चादर पांघरिलेली होती. मोराच्या नक्षीची, घरचीच, चारी कोपरे दगडांनी नीट दाबिलेले, जैसे झोपलेल्या लेकरास कोणी जपोन पांघरूण घालावे.

"अब्बा," मेहनाज टपाशीच उभ्या राहोन म्हणाल्या, "ही चादर?"

"मीच घातली." बडेसाब अभिमानाने बोलले. "काळी काच हाय बेटी, तापून तडकंल. उन्हात लावा म्हनलात, लावली. पर तिचे हाल मला बघवंनात."

मुबीन यांनी तोंडावर रुमाल धरिला. मेहनाज मात्र हसल्या नाहीत. घरात येऊन इतकी वर्षे जाहली, सासऱ्यांचे शब्दावर शब्द ठेविला नव्हता. आता आकडा सातांवर होता आणि घरी परतावयास कैक तास लागणार होते. त्यांनी आवाज न चढविता पुशिले, "अब्बा, टाकीचं झाकण न काढता कुणी वरून डिझेल ओतलं, तर ट्रक किती चालेल?"

"कोन येडा ओततोय तसं?"

बडेसाबांनी चादरीकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, पुन्हा चादरीकडे पाहिले.

"म्हंजे... ही टाकी हाय?"

"टाकीचं तोंड, अब्बा."

"आन् मी झाकण लावून बसलोय." ते उठले, वयास न शोभेल ऐसे टपावर चढले, आणि चादर ओढोन खाली टाकिली. बाजल्यावरोन बेगमसाहेबांचा टोला आला, "उन्हाला थंडी वाजत हुती व्हय ओ?" तेव्हा निंबावरचे कावळे उडावे इतके हसणे जाहले, आणि त्यात सर्वांत मोठे बडेसाबांचे.

परंतु संकट सरले नव्हते. जीप उन्हात तापोन भट्टी जाहली होती, आत फ्रिज धापा टाकी, आणि प्लेट कमवी ते सारे त्या धापेत खर्ची पडे. बडेसाब म्हणाले, "बघ. गाडी उन्हात लावली की असंच हुतंय." आणि मेहनाज म्हणाल्या, "बरोबर आहे, अब्बा." हे ऐकोन सासरे थबकले, जिंकल्यावर पुढे काय करावे ते त्यांस सुचेना. मग बाईंनी सांगितले, की उन्हाची गरज प्लेटीस आहे, फ्रिजास नव्हे. गाडी उन्हात राहो, फ्रिज बाहेर काढोन निंबाखाली ठेवू. अडचण इतकीच, की फ्रिजाची तार हातभर, आणि बारीक तार लांबविली तर वाटेतच ताकद गळते.

जोतिराम विहिरीकडे पळाले आणि जुन्या मोटारीची अंगठ्याएवढी जाड केबल खांद्यावर टाकोन आले. मेहनाज यांनी टोके सोलोन जोडिली, मुबीन यांनी टेप गुंडाळिला. बडेसाबांनी निंबाखालची सर्वांत गर्द जागा स्वतः निवडिली, तेथे फ्रिज ठेविला, आणि ऊन फिरेल तैसा तो सरकविण्याची चौकी आपणाकडे घेतली. जोतिराम म्हणाले, "आता बसला पावणा सावलीत!" आणि निंबाकडे अभिमानाने पाहोन घेतले.

आकडा बराच वेळ सातांवर अडला. मग तो सहा जाहला, उन्हे कलता कलता पाच जाहला, आणि बॅटरीचा काटा उलटा चढो लागला. येणेप्रमाणे चैत्रमासी, भीमेकाठी, मेहनाज यांची मसलत, जोतिरामांची केबल आणि बडेसाबांची माघार, या तिहींच्या बळे मोहीम फत्ते जाहली. सूर्य आणि सावली यांजमध्ये तह होऊन प्लेट सूर्याकडे व फ्रिज सावलीकडे दाखल जाहला, उभयतांस कबूल.

मग मुबीन किल्ली घेऊन उभे राहिले. निघावयाचे तर आता निघणे जरूर होते, न निघावयाचे तर अंथरुणे सोडणे जरूर. कोणी बेगमसाहेबांस विचारीना. सर्वांस जबाब ठाऊक होता. मेहनाज यांनी फ्रिज उघडोन एक बाटली काढिली आणि सासूबाईंच्या तळहातावर ठेविली. बेगमसाहेबांनी ती मुठीत धरिली, मग गालास लाविली, आणि पाण्याकडे पाहिले.

"अम्मी," मेहनाज हळूच म्हणाल्या, "काय करायचं?"

"आज हितंच," गुलबानो बेगमसाहेब म्हणाल्या. "आन् उद्या बी."