नमुना क्रमांक एकेचाळीस

सत्य सगळीकडे सारखेच असते. ते शोधण्यासाठी चाकणला जाण्याची गरज नाही. हा सिद्धांत चाकणच्या एका वाहन-संशोधन केंद्राच्या संचालिका विजयश्री मॅडम यांना तळेगाव चौकात सुचला. त्या वेळी त्यांची गाडी पावणेदोन तास जागची हलली नव्हती. दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघाले आणि केंद्रातले सहाही शास्त्रज्ञ घरून काम करू लागले.

केंद्राचे काम वासाचे. गाडीच्या आत जे जे बसवतात (सीटचा फोम, डॅशबोर्ड, छताचे कापड) त्याचा तुकडा काचेच्या बरणीत घालायचा, ओव्हनमध्ये दोन तास तापवायचा, झाकण उघडून हुंगायचा आणि एक ते सहा यांतला आकडा द्यायचा. एक म्हणजे वास नाही. सहा म्हणजे माणूस चालत्या गाडीतून उतरेल. आता या बरण्या कुरियरने घरोघरी येऊ लागल्या. परिपत्रकानुसार हुंगण्याआधी दोन तास घरात लसणाची फोडणी, उदबत्ती, फिनाइल आणि भांडण यांना मनाई होती (भांडणाने श्वास वाढतो). शेजाऱ्यांनी सुकट भाजल्यास ती नैसर्गिक आपत्ती समजावी, अशी सवलतही होती.

रावेतचा डॉ. अजिंक्य हा केंद्राचा ज्येष्ठ गंध-शास्त्रज्ञ. त्याची अडचण अगदी किरकोळ होती. गेल्या वर्षीच्या तापानंतर त्याला कसलाच वास येत नव्हता. हे त्याने कुणाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. चाकणला पाच जणांसमोर हुंगताना हे लपवणे जड गेले असते. घरी मात्र आई होती.

आक्काबाईंनी निम्मा जन्म याच रावेतमध्ये, इमारती उगवायच्या आधी, कांदा पिकवण्यात घालवला होता. वखारीतला कुठला कांदा नासलाय, ते त्या दारातूनच सांगायच्या. संशोधन ओघानेच त्यांच्याकडे आले.

"हे वल्लं पोतं," त्या बरणी हुंगून म्हणायच्या.

"म्हणजे किती, आई? तीन का साडेतीन?"

"आकडा तू घाल. येवढा शिकलास कशाला मग?"

ओले पोते साडेतीन, नवी चप्पल अडीच, पावसाळ्यातली गोधडी चार, असा तक्ता अजिंक्यने बसवला. वर्षाअखेर केंद्राने त्याला अचूकतेचे प्रशस्तिपत्र दिले. आक्काबाईंनी ते पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवले.

मग एका बड्या गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीचा डॅशबोर्ड आला. नमुना क्रमांक एकेचाळीस. आक्काबाईंनी झाकण उघडले आणि पदर नाकाला लावला.

"फवारणीच्या डब्यावानी हाय. डोकं धरतंय. ह्यात लेकरं बसवायची व्हय रं?"

अजिंक्यने सहा लिहिला. संध्याकाळच्या ऑनलाइन बैठकीत कळले की बाकी पाचही जणांनी दोन दिला आहे.

"अजिंक्य, तुमचं एकट्याचंच नाक वेगळं कसं?" विजयश्री मॅडमनी विचारले. "असं करा, सोमवारी चाकणला या आणि सगळ्यांसमोर पुन्हा हुंगा. नाहीतर टायपिंगची चूक झाली म्हणा. तुमची जी सोय असेल ते."

बैठक संपताच अजिंक्यने सहकाऱ्याला, तळेगावच्या सुजितला, फोन लावला.

"सुजित, तू एकेचाळीस नीट हुंगलास का रे?"

"भावा, माझा ओव्हन दिवाळीपासून बंदच आहे. मी सगळ्यालाच दोन देतो. दोनला कुणी काही विचारत नाही. बाकीचे काय वेगळं करतात का राव?"

म्हणजे सहा शास्त्रज्ञांच्या केंद्रात एकच नाक कामावर होते, आणि त्याची नेमणूकच झालेली नव्हती. सोमवारी आईला सोबत न्यावे, असेही अजिंक्यच्या मनात येऊन गेले. पण गेटवरच्या फॉर्ममध्ये लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि दुचाकी यांचीच नोंद होत असे. आणलेल्या नाकासाठी रकाना नव्हता.

रविवारी त्याने सहाचा दोन केला.

"काय झालं त्या डबड्याचं?" आक्काबाईंनी विचारले.

"पास झालं."

"मी तुला सांगितलं व्हतं."

"बाकी पाच जणांना वास आला नाही, आई."

"आसं. म्हंजी सगळीच आजारी हायती."

गाडी ठरल्या दिवशी बाजारात आली, आणि तुम्ही ती घेतलीत. हार घातलात, चाकाखाली लिंबू ठेवलेत, आत बसून दार लावलेत आणि डोळे मिटून छातीभर श्वास घेतलात. नव्या गाडीचा वास काही औरच, असे म्हणालात. तो उडून जाऊ नये म्हणून सीटवरचे प्लास्टिक अजून काढलेले नाही. मागे बसलेल्या मुलीने डोके दुखतेय म्हटल्यावर, होईल सवय, असे तिला सांगितलेत, आणि काच वर घेतलीत.

केंद्रात गंध-शास्त्रज्ञाची एक जागा नव्याने भरायची आहे. जरूर अर्ज करा. चाकणला यावे लागणार नाही.